वर्तुळाकार जाळीची शाल : महाड-पोलादपूरच्या वाटेवरून

‘विणणें’ या एका क्रियापदानें आमच्या वस्तुसंग्रहांच्या याद्यांत फार घोटाळा करून ठेविला आहे. साळी मागावर लुगडें विणतो, बुरूड रोवळी विणतो, कोळी जाळें विणतो, घरचाच कोणी सुंभ घेऊन खाट विणतो, आणि ओसरीवर बसलेली बाई दोन सुयांवर मोजा विणते, तीहि विणतेच. क्रियापद एक, क्रिया पांच. याचा परिणाम असा कीं, एखाद्या जुन्या घराण्यांतून कागदांच्या दप्तराबरोबर कापडांचा गठ्ठा हातीं आला म्हणजे यादी करणारा ‘विणलेली शाल, नग १’ इतकें लिहून मोकळा होतो. ती मागावरची कीं सुयांवरची, मध्यापासून विणलेली कीं कांठापासून, हें पाहण्याचें त्यास सुचत नाहीं. आणि तिच्याबरोबर आलेली, टाक्यांच्या खुणांनीं भरलेली वही तर ‘बायकांचें कांहींतरी’ म्हणून रद्दींत जाते. प्रस्तुत लेखाचा विषय ही शाल व ही वही आहे. वाचकांस तो प्रथमदर्शनीं क्षुल्लक वाटेल. आम्हांसहि वाटला होता.

प्रथम मागाची गोष्ट. मागावर ताणा उभा आणि बाणा आडवा. त्यांतून निघणारें कापड चौकोनीच असावयाचें. शाल हा शब्द फारसींतून आला, वस्तु काश्मिरांतून आली, आणि पेशवाईच्या कागदांत ती बहुधा एकटी येत नाहीं, शालजोडी म्हणून येते. याचें कारण असें कीं, काश्मिरी कारागीर शाली जोडीनेंच विणीत व व्यापारी त्या जोडीनेंच विकीत; ‘दुशाला’ या शब्दाचा उगमहि तोच. (सन्मानाच्या या वस्त्रांत जोडा गुंडाळून मारण्याची कल्पना ज्या भाषेनें ‘शालजोडींतला’ या शब्दांत रूढ केली, त्या भाषेच्या लोकांस दरबार चांगला परिचयाचा होता, हें वेगळें सांगावयास नको.) या शालींपैकीं चौरस शालीस रुमाल म्हणत, आणि रुमालांत एक प्रकार चांददार म्हणून प्रसिद्ध होता. त्याच्या मध्यभागीं एक वाटोळा चांद विणलेला असे आणि चार कोपऱ्यांत पाव पाव चांद. म्हणजे वर्तुळाचा सोस मागवाल्यासहि होता. पण तें त्याच्या नक्षींत आलें, घडणींत आलें नाहीं. उभ्या-आडव्या धाग्यांतून वाटोळें वस्त्र काढावयाचें तर कात्रीच चालविली पाहिजे.

सुयांवरच्या विणकामांत ताणाहि नाहीं, बाणाहि नाहीं. एकच धागा, त्याचा एक फांसा दुसऱ्यांतून ओढून घ्यावयाचा, दुसरा तिसऱ्यांतून. टाके वाढविले कीं वस्त्र रुंदावतें, दोन टाके एकत्र घेतले कीं आवळतें. त्यामुळें चार-पांच सुयांवर टाके वाटून घेऊन वाटोळें विणीत गेल्यास शिवणीवांचून नळकांडें तयार होतें, आणि ठराविक अंतरानें टाके वाढवीत गेल्यास सपाट वर्तुळ तयार होतें. या कलेचे जुने नमुने इजिप्तमध्यें सांपडले आहेत. ते मध्ययुगीन असून बहुतेक सुताचे आहेत. युरोपांत ती मुख्यतः मोज्यांवर वाढली, व १५८९ सालीं विल्यम ली या इंग्रजानें मोजे विणण्याचें यंत्र काढिलें. आमच्याकडे मोजा हा शब्दहि फारसीच आहे, आणि १८३१ च्या मोल्सवर्थ साहेबांच्या कोशकार्यापूर्वींच तो मराठींत रुळलेला होता. वस्तु ओळखीची होती. ती घरीं विणण्याची विद्या मात्र मागाहून आली.

ती विद्या ज्या वाटांनीं येऊं शकली त्यांपैकीं एक वाट महाड-पोलादपूरची होय, असें आमचें मत आहे. ही वाट वाचकांस राजकारणाच्या संबंधानें परिचयाची आहे. रायगड तिच्या अंगावर. १७९६ सालीं नाना फडणीस वाईहून निघून महाडास येऊन राहिले व तेथून त्यांनीं आपलें कारस्थान उभें केलें. २५ ऑक्टोबर १८०२ रोजीं हडपसरावर मोड झाल्यावर दुसरे बाजीराव महाडास आले व तेथून सुवर्णदुर्गावरून वसईस गेले. परंतु राजे व मुत्सद्दी ज्या वाटेनें पळाले त्याच वाटेनें मीठ, तांदूळ, घोंगड्या व मासळी रोज चालत होती. बाणकोटच्या खाडींतून मोठीं गलबतें दासगांवापर्यंत व लहान होड्या भरतीच्या पाण्यावर महाडापर्यंत येत, पुढें बैल. सावित्रीच्या कांठानें पोलादपूर, आणि पोलादपुरावरून पार घाटानें वर देश. कोकणच्या पावसांत मेंढी टिकत नाहीं, म्हणून लोंकर या भागांत घांटावरूनच खालीं यावयाची, तीहि धनगराच्या घोंगडीच्या रूपानें. घोंगडी जाड, राठ, पाऊस अडविणारी. हलकी, विरळ, जाळीची लोंकर ही कल्पना या वाटेवर उलट दिशेनें, म्हणजे समुद्राकडून चढली.

बाणकोट १७५६ च्या तहानें इंग्रजांच्या ताब्यांत कायम झालें. १८२३ मध्यें स्कॉटिश मिशनरी सोसायटीचा पहिला मिशनरी डोनाल्ड मिचेल बाणकोटास येऊन राहिला. तो त्याच वर्षीं वारला, पण त्याच्या मागून आलेल्यांनीं बाणकोट व हर्णै येथें शाळा चालविल्या. त्यांतील जॉन स्टीव्हन्सन हें नांव आमच्या वाचकांस सामवेदाच्या भाषांतरामुळें व लेण्यांच्या लेखांमुळें ठाऊक आहे. १८२९ मध्यें जॉन विल्सन व त्याची पत्नी मार्गारेट हीं प्रथम याच किनाऱ्यावर मराठी शिकलीं, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मार्गारेट विल्सनबाईनें मुंबईस मुलींच्या शाळा काढण्यास प्रारंभ केला. त्या काळच्या मिशनऱ्यांच्या मुलींच्या शाळांत वाचनाबरोबर सुईचें काम हा नित्याचा विषय असे. १८२८-२९ पासून महाबळेश्वर हें हवा खाण्याचें ठिकाण झालें, आणि मुंबईची गोरी मंडळी समुद्रानें बाणकोट, खाडीनें महाड व पालखीनें पोलादपूर असा प्रवास करून वर जाऊं लागली. महाडास घामाच्या धारा, आणि दुसऱ्या दिवशीं वर गेल्यावर अंगावर लोंकरीचें वस्त्र हवेंच. अशा प्रवासांत सामानाच्या पेटींत जागा न अडविणारी शाल किती सोयीची, हें ज्यानें आंबेनळीचा घाट पहाटे चढला आहे त्यास कळेल.

स्कॉटलंडचें नांव येथें उगीच आलेलें नाहीं. त्या देशाच्या उत्तरेस शेटलंड नांवाचीं बेटें आहेत. तेथील मेंढीच्या मानेवरची लोंकर कातरीत नाहींत, हातानें उपटून घेतात. तिचा इतका बारीक धागा निघतो कीं, त्याची विणलेली पुरुषभर शाल अंगठींतून आरपार ओढतां येते. १८४० च्या सुमारास तेथील बायका या जाळीच्या शाली विणूं लागल्या आणि १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनांत त्या मांडल्या गेल्या. या धंद्यास पुढें आणणाऱ्यांत आर्थर अँडर्सन हा शेटलंडचाच मनुष्य होता. १८३७ सालीं त्यानें तेथील बारीक मोजे व्हिक्टोरिया राणीस नजर केले. हाच अँडर्सन पी. अँड ओ. या आगबोटींच्या कंपनीच्या संस्थापकांपैकीं एक, आणि पुढें विलायतेचें टपाल मुंबईस आणणाऱ्या बोटी त्या कंपनीच्याच. टपालाबरोबर विणकामाच्या नमुन्यांचीं पुस्तकें, लोंकरीचीं गुंडाळीं व सुया येऊं लागल्या, यांत नवल तें काय?

अंगठींतून जाणाऱ्या शालीची कीर्ति आमच्याकडे त्याहून जुनी आहे. ती शाहतूसची. तिबेटांतील चिरू या हरिणासारख्या जनावराच्या लोंकरीची ही शाल मागावर विणलेली असते, आणि लोंकरीसाठीं जनावर मारावें लागतें. म्हणून १९७९ पासून तिचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद आहे व आपल्या देशांतहि ती विकणें गुन्हा आहे. संग्राहकांनीं हें ध्यानांत ठेवावें. ‘आजीची शाल’ म्हणून कोणी दाखविली तर विकत घेण्याच्या भरीस पडूं नये. अंगठीची परीक्षा दोन्ही शालींस लागू पडते, पण कारणें निराळीं. शाहतूस जाते ती तंतूच्या बारीकपणामुळें. शेटलंडची जाते ती तंतूच्या बारीकपणाइतकीच जाळीमुळें, कारण तिच्यांत धाग्यापेक्षां भोंकेंच अधिक.

सुयांच्या विणकामाचा दुसरा ओघ या भागांत पलटणींच्या वाटेनें आला. दोन्ही महायुद्धांत सैनिकांसाठीं मोजे, गळपट्टे व कानटोप्या विणण्याचें काम ठिकठिकाणच्या स्त्रियांच्या मंडळांनीं केलें, आणि कोकणचे मराठे जवान ते घालून फ्रान्सांत व इटलींत लढले. महाडाशेजारच्या माणगांव तालुक्यांतील पळसगांवचे यशवंत घाडगे यांस १० जुलै १९४४ रोजीं इटलींत केलेल्या पराक्रमासाठीं मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तथापि हें सर्व साध्या, भरीव विणकामाचें झालें, जाळीकडे वळूं.

वाटोळी जाळी हातानें, मध्यापासून बाहेर विणीत नेण्याची एक विद्या सावित्रीच्या कांठीं परकीयांच्या कितीतरी आधींपासून होती, आणि तिच्याकडे कोणी या दृष्टीनें पाहिलेलें आमच्या आढळांत नाहीं. ती म्हणजे मासे धरण्याचा पाग. पाग हें फेंकावयाचें जाळें. त्याचा आरंभ शेंड्याकडून थोड्या डोळ्यांवर होतो. कांहीं फेऱ्या सरळ गेल्या कीं मधून मधून जादा डोळा घालून घेर वाढवितात. डोळ्याचें माप चुकूं नये म्हणून बांबूची चपटी पट्टी वापरतात. आणि शेवटीं कांठास शिसें लावितात. कोळी तो खांद्यावर घेऊन अशा कसबानें फेंकतो कीं, हवेंत त्याचें पूर्ण वर्तुळ उघडतें व पाण्यावर एकदम सर्व कांठ टेंकतो. घेर कमी पडला तर जाळें द्रोणासारखें आवळतें, जास्त झाला तर कांठाशीं चुण्या पडतात. दोन्हींत मासा सुटतो. वर्तुळाकार शाल विणणाऱ्या बाईपुढें नेमका हाच प्रश्न असतो. फरक एवढाच कीं, पागाची गांठ पक्की, ती सरकत नाहीं. शालीचा टाका हा नुसता फांसा, तो शेजारच्याकडून थोडी उसनवारी करूं शकतो.

ही उसनवारीच या शालीच्या सर्वांत सोप्या कृतीचा पाया आहे. युरोपांत वाटोळ्या जाळीच्या कृति पूर्वींपासून होत्याच, पण त्यांत टाके नक्षींतल्या नक्षींत वाढविलेले असत व प्रत्येक ओळ कागद पाहून मोजावी लागे. इंग्लंडांत जन्मून अमेरिकेंत स्थायिक झालेल्या एलिझाबेथ झिमरमन (१९१०–१९९९) या बाईनें १९७४ मध्यें आपल्या ‘निटर्स अल्मॅनॅक’ या पुस्तकांत निराळीच युक्ति सांगितली. नऊ टाके घालावे व एक ओळ वाटोळी विणावी. मग टाके दुप्पट, म्हणजे १८. तीन ओळी सरळ. पुन्हा दुप्पट, ३६, सहा ओळी. ७२ व बारा ओळी. १४४ व चोवीस ओळी. २८८ व अठ्ठेचाळीस ओळी. आणि मग ५७६. मधल्या ओळींत कोठेंहि वाढ नाहीं. वाढ नसल्यामुळें त्या मोकळ्या पट्ट्यांत वाटेल ती जाळी घालतां येते, आणि शेवटीं कांठाची पट्टी आडवी विणून जोडीत जातां येते. ग्रीक पाय या अक्षरावरून तिनें या शालीस नांव दिलें, कारण व्यास दुप्पट तर परिघ दुप्पट, एवढेंच तिचें सूत्र.

हें सूत्र आम्हांस परकें नाहीं. भास्कराचार्यांनीं लीलावतींत व्यासास ३९२७ नें गुणून १२५० नीं भागावें, आणि स्थूल मानानें २२ नें गुणून ७ नीं भागावें, असें दोन प्रकारें परिघ काढावयास सांगितलें आहे. ज्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं त्यांचा नातू चांगदेव यानें खानदेशांत पाटण येथें मठ स्थापिला, व ज्या मठाचा शके ११२८ चा शिलालेख डॉ. भाऊ दाजींनीं उजेडांत आणिला, त्यांचें गणित शालीस लावून पाहूं. टाका उंचीस व रुंदीस सारखा धरिला आणि दुपटीच्या ओळी सोडून दिल्या, तर २८८ टाके होतात तेव्हां मध्यापासून १+३+६+१२+२४ अशा ४६ ओळी झालेल्या असतात. म्हणजे व्यास ९२. त्यास ३९२७ नें गुणून १२५० नीं भागिलें असतां परिघ येतो २८९ टाके. कृतींत आहेत २८८. एका टाक्याचा फरक! त्यापुढील ४८ ओळींत मात्र टाके तितकेच राहतात व व्यास वाढत जातो, म्हणून कापड हळूहळू ताणलें जातें, आणि पुढच्या दुपटीस पुन्हा हिशेबाच्या जवळ येतें. विणतांना शाल चुरगळलेल्या केळीच्या पानासारखी दिसते. ती धुवून, ओली असतांना गादीवर टांचण्यांनीं चहूंकडून ताणून वाळविली म्हणजे जाळी उघडते व वर्तुळ सपाट होतें. ओली लोंकर ताणावी तशी वाळते. सुताची शाल या बाबतींत फारशी ऐकत नाहीं.

आम्ही ही कृति स्वतः करून पाहिली. घरांतील बायकांनीं प्रथम हंसून घेतलें व मग नऊ टाके चार सुयांवर कसे वाटावे तें दाखविलें. ७२ पर्यंत सर्व ठीक चाललें. १४४ च्या पट्ट्यांत जाळी घालूं लागलों तों चवथ्या फेरीस १४३ टाके भरले. दोन घटका मोजण्यांत गेल्यावर ध्यानांत आलें कीं, एके ठिकाणीं दोन टाके एकत्र घेतले, पण त्याची भरपाई करणारा वेढा सुईवर घेण्याचें विसरलों. जाळीचा नियम असा आहे कीं, भोंक पाडण्यासाठीं धाग्याचा जितक्या वेळां वेढा घ्यावा तितक्याच वेळां दुसरीकडे दोन टाके एकत्र करावे. जमा-खर्च मिळालाच पाहिजे. ही चूक आम्हांस लाभदायक झाली, कारण तिनें वह्यांकडे पाहण्याची दृष्टि दिली.

विणकामाची वही हा हस्तलिखिताचा एक प्रकार आहे. सुलट्या टाक्यास ‘सु’, उलट्यास ‘उ’, वेढ्यास नुसतें शून्य, एकत्र टाक्यांस तिरपी रेघ, अशा खुणा ज्या त्या घरच्या निराळ्या असतात. त्या मासिकांतून, पुस्तकांतून, शेजारणीकडून, माहेरच्या वहीवरून उतरलेल्या असतात. म्हणजे नकलेची नक्कल, आणि तिच्याबरोबर लेखकप्रमाद. परंतु येथें आमच्या बखरी व शकावल्या यांपेक्षां एक मोठी सोय आहे. बखरींतील तिथि चुकली तर ती पडताळण्यास दुसरा कागद लागतो. विणकामाच्या कृतींत आंकडा चुकला तर तो त्याच पानावर पकडतां येतो. समजा, शेवटच्या पट्ट्यांत बारा टाक्यांचा नमुना आहे व वहींत टाके ५६७ लिहिले आहेत. बारांनीं भागून पाहावें, तीन उरतात. मूळ ५७६ असून नकलणारीचे आंकडे उलटसुलट झाले हें उघड, कारण ५७६ त बारा बरोबर ४८ वेळां जातात व मागची दुपटहि जुळते. समजा, एका ओळींत शून्यें दोन व तिरपी रेघ एकच आहे. तर दर नमुन्यास एक टाका वाढून एका फेरींत ४८ टाके जादा होतील. म्हणजे एक रेघ गळली आहे. आणि एवढ्यानें शंका फिटली नाहीं तर विणून पाहावें. आमच्या शास्त्रांत पाठभेदाचा निर्णय करण्यास याहून निःपक्षपाती साक्षीदार आम्हांस तरी ठाऊक नाहीं.

आतां ज्या कारणासाठीं हा लेख लिहावयास बसलों तें. २२ जुलै २०२१ रोजीं सावित्रीस महापूर येऊन महाड शहर पाण्याखालीं गेलें. त्याच दिवशीं तालुक्यांत तळिये येथें दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसें गाडलीं गेलीं, व पोलादपूर तालुक्यांत साखर सुतारवाडी व केवनाळे येथेंहि दरडी पडल्या. त्यापूर्वीं जुलै २००५ च्या पावसांत दासगांव, जुई, रोहन व कोंडिवते येथें तोच प्रसंग ओढवला होता. माणसांपुढें वह्यांची गोष्ट काढूं नये हें आम्ही जाणतों. पण पूर ओसरल्यावर चिखलानें भरलेलीं घरें उपसतांना रस्त्याच्या कडेस जे ढीग पडतात त्यांत काय काय असतें, हें कागद जमविणाऱ्यास सांगावयास नको. जमिनीचे कागद लोक वाळवून ठेवतात. देवघरांतील पोथी ठेवतात. विणकामाची वही कोणी ठेवीत नाहीं, कारण तींत कांहीं लिहिलें आहे असें कोणास वाटतच नाहीं.

पोलादपुरास कवींद्र परमानंदाची समाधि आहे. त्यांचें शिवभारत मात्र सांपडलें तें दूर तंजावरच्या सरस्वती महालांत, आणि १९२७ सालीं दिवेकरांनीं तें छापिलें. ग्रंथाचा गांव एक व पोथीचा गांव दुसरा, हा आमच्याकडील नेहमींचा अनुभव आहे. महाड औद्योगिक वसाहतीच्या निमित्तानें देशावरून, खानदेशांतून, परप्रांतांतून आलेलीं कुटुंबें बिरवाडीच्या आसपास राहिलीं. त्यांच्या पेट्यांतून ज्या वह्या आल्या त्यांत त्या त्या गांवच्या खुणा असणार. तेव्हां शोध घेणारानें केवळ जुन्या वाड्यांतून न हिंडतां वसाहतींतील बिऱ्हाडांतहि विचारावें, आणि विचारतांना ‘जुने कागद आहेत काय’ असें न विचारतां ‘नमुन्यांची वही आहे काय’ असें विचारावें. उत्तर निराळें येतें.

भिजलेली वही हातीं आली तर उन्हांत टाकूं नये. पानें एकमेकांस चिकटून ठोकळा होतो. सावलींत, वाऱ्यावर, चार-चार पानांआड टीपकागद घालून व तो वरचेवर बदलून वाळवावी. पानें सोडविण्याची घाई करूं नये. चिखल ओला असतांना पुसूं नये. वाळल्यावर मऊ कुंचल्यानें झाडावा. फाउंटन पेनाच्या निळ्या शाईचें बहुधा कांहीं उरत नाहीं. पण विणतांना मांडीवर ठेवून, खोडून, पुन्हा मोजून लिहावयाचें म्हणून या वह्या पुष्कळदां पेन्सिलीनें लिहिलेल्या असतात, आणि पेन्सिलीचें लिखाण पाण्यानें जात नाहीं. असे ठोकळे उलगडून घेण्याचें काम ज्यांस करावयाचें असेल त्यांनीं प्रथम शेवटचें पान पाहावें. एकूण टाके व लागलेली लोंकर बहुधा तेथें लिहिलेली असते.